गोड वास

"वाकून घ्या वास," नरहरी मेकॅनिक ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाला आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला.

मंजुळाने पदर सावरून सायलेन्सरजवळ नाक नेलं. नवापूरहून बोईसरच्या बाजारात मासळी नेणारी तिची व्हॅन आठवडाभर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फस्त करत होती, पण जमिनीवर एक थेंब नव्हता. म्हणजे ते आत, इंजिनातच जळत असणार. तसं असेल तर धुराला गोडसर वास येतो.

"नाय. गोडबीड काय नाय."

गिऱ्हाइकालाच वास घ्यायला लावायची नरहरीची ही रीत कुंभवलीत कौतुकाची होती. माणूस सरळ आहे, काही लपवत नाही, असं लोक म्हणायचे. खरी गोष्ट एवढीच, की चार वर्षांपूर्वीच्या साथीच्या तापात त्याला वास यायचा बंद झाला तो झालाच. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

इंजिन निवल्यावर त्याने चारही स्पार्क प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि चक्रावला. प्लग वेगळंच सांगत होते. इंजिन उगाच उघडलं तर गाडी आठ दिवस अडकणार, मंजुळाचा धंदा बसणार. न उघडावं, तर एखाद्या सकाळी माशांसकट रस्त्यात इंजिन जाम.

"नक्की नव्हता वास?"

"होता थोडा. गोड म्हना पायजे तर."

नरहरी तिच्याकडे बघतच राहिला. डाळ लागल्याचा वास येतोय का, असं बायकोने विचारलं की तो स्वतः अगदी असंच बोलायचा.

"कधीपासून येत नाही?" त्याने हळूच विचारलं.

मंजुळाने आधी रस्त्याकडे पाहिलं. "त्या तापापासून. बाजारात बोलू नका. मासळीवाली हाय मी."

"मला येत असता, तर तुम्हाला कशाला वाकायला लावलं असतं?"

ती तोंडाला पदर लावून खुदकन हसली. त्यालाही हसू आवरेना. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटलं.

"मग ताजी मासळी ओळखता कशी?"

"कल्ले उघडून बघते. डोळे बघते."

नरहरीने काही न सांगता वर्तमानपत्र तिच्यापुढे सरकवलं. मंजुळा उकिडवी बसली. एकेक प्लग उजेडात फिरवून बघत गेली. पहिला काळपट, दुसराही तसाच. तिसऱ्यापाशी तिचा हात थांबला.

"ह्यो एकटाच धुतलेला कसा?"

"तिथेच पाणी शिरतंय."

"मग उघडा इंजिन." ती उठली, व्हॅनमधल्या रिकाम्या टोपल्या उतरवू लागली.

"आणि वासाचं कोणी विचारलं तर?"

"गोड होता, सांगू."