निळ्या पट्टीचा ओव्हरटाइम

लाँड्रीच्या मधोमध हिशेबनिसाची काचेची खोली होती. चारी बाजूंना धुलाईची यंत्रं, चादरींनी भरलेल्या गाड्या, पलीकडे इस्त्रीचा मोठा रोलर. काचांवर सदा वाफ धरलेली. खिडकी एकच, तीही बॉयलरकडे उघडणारी, म्हणून कधीच न उघडलेली. हिशेबनिसाने या खोलीत उभी हयात काढली, पण इथे कोंडल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं. या वर्षी वाटायला लागलं.

पगारातून कर कापणं हे त्याचं काम. वर्ष सुरू झालं की प्रत्येकाला वर्षभरात किती पगार मिळेल याचा अंदाज बांधायचा, त्यावरचा कर काढायचा, तो बारा महिन्यांत वाटायचा आणि दर पगाराला तेवढा कापून सरकारात भरायचा. ऐकायला सोपं, पण सगळी गोम त्या अंदाजात. जास्त धरला तर माणूस वर्षभर हात आखडून जगतो. कमी धरला तर राहिलेला सगळा कर वर्षाच्या शेवटी एकदम मानगुटीवर बसतो. म्हणून वर्षाच्या मध्यावर तो एकेकाला आत बोलावून अंदाज पुन्हा तपासायचा. ओव्हरटाइम किती करणार, पगारवाढ झाली का, घरात तुमच्यावर अवलंबून कोण, म्हणजे तेवढी करात सूट, कुणाचं लग्न झालं का, कुणी गेलं का. त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे मालकाला ठाऊक नसलं तरी त्याला ठाऊक असे.

कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं कात्रीकाका. पगाराच्या दिवशी बॉयलरवाला चिठ्ठी उजेडाकडे धरून म्हणायचा, "काका, आज कात्रीला धार लावून आणली होती वाटतं." दुसरा म्हणायचा, "अरे, काका चादर पण कापून देतील, सांभाळ." शिव्याही बसायच्या, तोंडावर आणि पाठीमागे. संध्याकाळी घरी गेलं की बायको चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायची, "आज किती जणांच्या खाल्ल्या?" तो सांगायचा, चौघांच्या. मग कोण काय म्हणालं ते तिला अक्षरशः हवं असे. बॉयलरवाल्याच्या शिव्या तिला विशेष आवडत. "त्याला डोकं आहे," ती म्हणायची.

याच वर्षाच्या मध्यावर ती गेली.

शेवटचे काही आठवडे ती दवाखान्यात होती. पलंगावरच्या चादरीला निळी पट्टी होती. त्या दवाखान्याचं काम लाँड्रीला नुकतंच मिळालं होतं. तिने पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही तुमच्याकडचीच ना? दुमडणाऱ्याला सांगा, कोपरे जुळत नाहीत." दुमडणाऱ्याला सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं.

तो कामावर परतला तेव्हा लाँड्री निळ्या पट्टीच्या चादरींनी भरली होती. काम अंगावर आलं होतं आणि ओव्हरटाइम जोरात चालला होता. संगणकात ओव्हरटाइमचं पान प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं असे, आणि त्या दवाखान्याचं पान उघडलं की वर त्याचं नाव दिसे. ते पान तो उघडेना. मुकादमाला म्हणाला, मला नुसते आकडे सांग. मुकादम दारात उभा राहून आकडे सांगायचा, हा ते पगारात मिळवून मोकळा व्हायचा. पैसे सगळ्यांना पुरेपूर मिळत होते. कापायचा कर मात्र वर्षाच्या सुरुवातीला धरला होता तेवढाच कापला जात होता, कारण मध्यावरची तपासणी राहिली होती. राहिली म्हणजे त्याने टाळली होती. माणसांना आत बोलावून "घरात कुणी गेलं का" असं विचारायची त्याची छाती होत नव्हती.

वर्षाचे दोन पगार उरले तेव्हा त्याने एका दुपारी ते पान उघडलं. उघडावंच लागलं, वर्षअखेर आली होती. संध्याकाळपर्यंत त्याला पुरतं कळून चुकलं. ज्याने ज्याने निळ्या पट्टीचं काम केलं होतं, त्या प्रत्येकाचा कर कमी कापला गेला होता. आता तो या दोन पगारांतूनच वसूल करायचा. कुणाचा पाव पगार जाणार होता, कुणाचा तिसरा हिस्सा. रोलरवरच्या ताईंचा दोन्ही महिने जवळजवळ निम्मा.

या ताई विधवा, भावाच्या घरी राहणाऱ्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात त्यांचं अंथरूण असे. रात्री ज्याला उठायचं असेल तो त्यांना ओलांडून जायचा. वहिनी सकाळी भांडी वाजवत उठवायची, भाऊ काही बोलत नसे, आणि त्याचं ते न बोलणं ताईंना जास्त लागे. त्यांनी एक खोली पाहून ठेवली होती. स्वतंत्र नळ, एक खिडकी, आतून लागणारी कडी. खोलीवाल्या बाईंनी वर्षअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, तोवर अनामत द्यायची. त्यासाठीच ताई निळ्या पट्टीच्या पाळ्या मागून घेत होत्या. कुलूप तर त्यांनी आधीच आणलं होतं. जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून काढून दाखवायच्या. बॉयलरवाला म्हणायचा, "ताई, आधी दार तरी येऊ द्या." त्या म्हणायच्या, "दार येतंय. तू किल्लीवर डोळा ठेवू नकोस."

हिशेबनीस मालकाकडे गेला.

"या दोन महिन्यांत थोडं कमी कापलं तर?" त्याने विचारलं. "उरलेलं त्यांचं त्यांनी नंतर भरावं."

"आपण कमी कापलं तर सरकार व्याज कुणाकडून घेईल?"

"आपल्याकडून."

"मग?"

"ते माझ्या पगारातून कापा. चूक माझी आहे."

मालकाने चष्मा काढला. "बॉयलरशेजारच्या भिंतीवर कागद कुणी चिकटवलाय? नुकसानीपोटी कुणाच्याही पगारातून कपात करता येणार नाही. मुकादमाने गाडी ठोकली तेव्हा मी त्याचे पैसे कापायला निघालो होतो. तुम्हीच मला कायदा वाचून दाखवलात."

"मग ताईंना उचल तरी द्या."

"एकीला दिली की दारात रांग लागेल. सगळ्यांचेच पैसे कापले जाणार आहेत ना?"

"मग माझा राजीनामा घ्या."

"आणि वर्षअखेर कोण करणार? माझा मेहुणा? त्याने मागे बॉयलरवाल्याचा पगार बॉयलरच्या दुरुस्तीत दाखवला होता." मालकाचा आवाज मऊ झाला. "तुमच्यावर काय प्रसंग आला, मला कळत नाही का? जा, पाणी प्या जरा."

तो पाणी प्यायला. घरी जाऊन मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, सोडा ती नोकरी आणि या इकडे. चूक कुणाचीही होते. तुम्ही त्या वेळी शुद्धीवर तरी होता का?" होता. हेच कुणाला पटवता येत नव्हतं. तो पूर्ण शुद्धीवर होता, आणि शुद्धीवर राहून त्याने ते पान उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. काय झालं, कुणामुळे झालं, किती कापलं जाईल. आडपडदा ठेवला नाही. बोलून झाल्यावर तो वाट बघत राहिला. मनातून त्याने बॉयलरवाल्याच्या शिव्यांसाठी जागाही करून ठेवली होती. घेऊ दे एकदाचं तोंडसुख, म्हणजे सुटलो.

बॉयलरवाला उठला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमच्यावर डोंगर कोसळला होता. त्यापुढे आमचे पैसे ते काय."

"तुला दुचाकी घ्यायची होती ना?"

"घेऊ पुढच्या वर्षी. पायी चाललं की पोट आत जातं."

कुणीतरी त्याच्यासमोर चहा ठेवला, त्यात जास्तीची साखर घातली. मुकादमाने खुर्ची ओढून दिली. कात्री हा शब्द कुणी काढला नाही. बायको गेल्यापासून तो शब्द लाँड्रीतून नाहीसाच झाला होता, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. सगळे त्याच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते, आणि त्या गोडव्यातून बाहेर पडायला कुठेच वाट नव्हती. तो चहा त्याने संपवला. न संपवून करतो काय?

ताई मात्र डबा बंद करून रोलरकडे निघून गेल्या.

पगाराच्या आदल्या दिवशी त्याने बँकेतून स्वतःचे पैसे काढले, पाकिटात घातले आणि रोलरपाशी गेला. ताई एकटीने चादर घालत होत्या. दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, कड सरळ करून रोलरच्या तोंडाशी द्यायची. बोटं आत जायच्या आधी सोडायची.

"हे घ्या," तो म्हणाला.

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, चादर सोडली नाही. "काय आहे?"

"तुमचे दोन महिन्यांचे."

"सगळ्यांना दिलेत?"

"सगळ्यांना कुठून देऊ?"

"मग मला का? मी एकटी बाई. तुम्ही आता एकटे. उद्या लाँड्रीत काय बोलतील? आणि भावाला काय सांगू, पैसे कुठून आले?"

"उसने म्हणून घ्या."

"पुढच्या वर्षी फेडायचे कुठून? तेव्हा तरी अंदाज बरोबर येणार आहे का?" त्यांनी पुढची चादर उचलली. "ठेवा खिशात. वाफेने भिजेल."

पाकीट खिशात घालून तो काचेच्या खोलीत परत आला. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग त्याने जे करायचं ते केलं. एकेकाचा कर पुन्हा मांडला, पुन्हा तपासला आणि कापला. एकही आकडा चुकला नाही. काम त्याला येत होतं, हेच तर दुखणं होतं.

पगाराच्या दिवशी माणसं एकेक करून आत आली, चिठ्ठी घेऊन गेली. "जेवता ना वेळेवर, काका?" "मुलगी येऊन गेली का?" चिठ्ठीकडे त्याच्यासमोर कुणी बघितलंसुद्धा नाही. दाराबाहेर गेल्यावर बघत, आणि वाफेच्या काचेतून त्याला त्यांच्या माना खाली गेलेल्या दिसत.

ताई शेवटी आल्या. चिठ्ठी घेतली आणि तिथेच उभ्या राहून वरपासून खालपर्यंत वाचली.

"खोली गेली," त्या म्हणाल्या. "काल सांगून आले बाईंना. त्या म्हणाल्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"माझ्यामुळे."

सवयीने तो वाट बघत होता, आता नाही म्हणतील, जाऊ द्या म्हणतील.

"हो, तुमच्यामुळे," ताई म्हणाल्या. "माझा नवरा गेला त्याच आठवड्यात मी रोलरवर उभी होते. एक चादर जळली नाही माझ्या हातून. जळली असती तर तुम्ही म्हणाला असता का, जाऊ द्या, बिचारीवर प्रसंग आलाय?"

"नसतो म्हणालो."

"मग? सगळे तुमची कीव करताहेत आणि तुम्ही करून घेताय. मी त्या बोळात अजून वर्षभर झोपायचं. वहिनीचा पाय रोज माझ्या उशीवर पडायचा. मेली कात्री ती, चालवायची तर धड चालवा, नाहीतर ठेवून तरी द्या."

दारापाशी मुकादम घुटमळत होता. तो चपापून म्हणाला, "ताई, अहो, असं काय बोलता काकांना."

"तू आकडे सांगत होतास ना दारातून? मग गप्प बस."

मुकादम दारातून मागे सरला. हिशेबनिसाच्या छातीत काहीतरी दुखलं. खरंखुरं, एका जागी दुखलं. कित्येक महिने नुसतं सगळीकडे जड होतं. त्याने समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ताई. नवीन वर्षाचा अंदाज आत्ताच करू. तुमच्यापासून."

"आता कशाला?"

"म्हणजे पुढच्या वर्षी शेवटच्या पगाराला हात लागणार नाही. खोली गेली ती मी आणू शकत नाही. तेवढंच आहे माझ्याकडे."

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत कुलूप होतं, ते खणखणलं.

"ओव्हरटाइम?"

"मिळेल तेवढा."

"निळ्या पट्टीचा?"

"त्याचाच तर आहे."

त्याने ते पान उघडलं. वर दवाखान्याचं नाव होतं. तो तिथे थांबला, मग खाली आला आणि त्यांच्या मागच्या पाळ्या बघत बघत आकडा धरला. कापायचा कर आता दर महिन्याला बराच जास्त बसत होता. त्याने तो सांगितला. ताईंनी तोंड वाकडं केलं, पण धरा म्हणाल्या.

"घरात तुमच्यावर अवलंबून?"

"कुणी नाही." मग म्हणाल्या, "आणि तुमचा अंदाज कोण भरणार?"

"माझा मीच भरतो."

"मग भरा की. बघू दे मला, कात्री स्वतःवर चालते का."

त्याने स्वतःची ओळ काढली. पगार लिहिला. ओव्हरटाइम नाही लिहिलं. पुढच्या, अवलंबून माणसांच्या रकान्यात मागच्या वर्षीचं उत्तर आपोआप आलं होतं: पत्नी. ते पुसायला एक कळ दाबायची होती. ताईंनी घाई केली नाही, पाणी प्या म्हणाल्या नाहीत. बाहेर रोलर रिकामा फिरत होता. त्याने कळ दाबली.

"वाढला ना कर?" ताईंनी विचारलं.

"वाढला."

"वाढणारच," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून भावाच्या घरी निघाल्या.

संध्याकाळी तो घरी आला. दार लावलं, आधण ठेवलं, हात सवयीने दोन कपांकडे गेला, एक परत ठेवला. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं. तो ओट्याशी उभा राहिला आणि पाणी उकळू लागल्यावर म्हणाला,

"आज एकीची खाल्ली."

मग ताई काय म्हणाल्या ते त्याने सगळं सांगितलं, अक्षरशः, वहिनीच्या पायासकट.