डाव्या कोपऱ्यातला उजेड

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी शंभरदा बजावलं होतं की रात्री मोटार चालू करायला जाताना टॉर्च गच्चीकडं मारायची नाही. तिसगावच्या शिवारात आमचं एकटं घर. दुर्बिणीवर उजेड पडला की फोटो बिघडायचा आणि माझा पारा चढायचा. दादा बिचारे टॉर्च पायाशी धरून वाकून चालायचे. "नंदे, तुझ्या ताऱ्यांपायी एक दिस हिरीत पडायचो मी," म्हणायचे. पण टॉर्च त्यांनी कधी वर केली नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत आई देवळाली प्रवऱ्याला मावशीकडं गेली होती, तेव्हाची गोष्ट. आकाश फिरतं, म्हणून दुर्बिणीलाही ताऱ्यामागं वळावं लागतं. एक छोटा कॅमेरा एकाच ताऱ्यावर नजर ठेवतो आणि दुर्बिणीची चूक तिथल्या तिथं सुधारत राहतो, त्याला गायडिंग म्हणतात. माझं गायडिंग दोन वर्षं रडत होतं. त्या रात्री गिअरमधली ढिलाई काढली, वजनाचा तोल साधला, आणि ती चूक दाखवणारा लॅपटॉपवरचा आलेख पहिल्यांदाच सपाट झाला. आमच्या गच्चीवर पाऊल टाकलं तरी आलेख उडी मारतो. म्हणून मी खुर्चीतून हलले नाही, खोकलेसुद्धा नाही.

एकच्या सुमाराला पाच-पाच मिनिटं उजेड साठवणाऱ्या एकेका फोटोत, म्हणजे फ्रेममध्ये, डाव्या कोपऱ्यात उजेड यायला लागला. दादांची टॉर्च, दुसरं काय! बसल्या जागेवरून कठड्यापलीकडचं दिसत नव्हतं आणि विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. उठून चांगलं ओरडावं असं मनात आलं, पण आलेख सपाट होता. नऊ फ्रेम खराब झाल्या, मग उजेड गेला. म्हटलं, जाऊ दे, स्टॅकिंगमध्ये निघून जाईल. सगळ्या फ्रेम एकावर एक रचताना जे थोड्याच फ्रेममध्ये असतं, ते सॉफ्टवेअर टाकून देतं.

पहाटे दादा विहिरीजवळ सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, जागच्या जागी गेले असतील. आई वर्षभर त्या एका वाक्यावर जगली. येईल त्याला सांगायची, "तरास न्हाई झाला त्यांना. जागच्या जागी गेले."

महिन्याभरानं मी तो फोटो पूर्ण केला. मृगातला तेजोमेघ, कोपऱ्यापर्यंत स्वच्छ. इतका चांगला फोटो मला कधी जमला नव्हता. मग त्या नऊ फ्रेम उघडल्या. प्रत्येकीत उजेडाची जागा वेगळी होती, आणि शेवटच्या दोनमध्ये तो मंद होत गेला होता. टॉर्च कुणीतरी हलवत होतं. पाऊण तास.

अजूनही एखाद्या रात्री एकच्या सुमाराला आलेख उडी मारतो. गच्चीवर कुणी नसतं, जिन्यातही नसतं. मी दरवेळी उठून कठड्याशी जाते आणि विहिरीकडं बघत उभी राहते. फोटो बिघडतो. बिघडू दे.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "त्यांच्या फोटूशेजारी तुझा त्यो ताऱ्यांचा लाव. त्याच रातीचा हाय ना?"

स्वच्छ फोटो तयार होता. तो दिला असता तर आईचं वाक्य शाबूत राहिलं असतं. पण कोपरा पुसलेला फोटो मला तिच्यासमोर टांगायचा नव्हता. त्या रात्री मी सगळ्या फ्रेम पुन्हा रचल्या, यावेळी एकही गोष्ट टाकून न देता, आणि सकाळी तोच छापून आणला.

आईनं तो पदरानं पुसला. "ह्यो कोपऱ्यात उजेड कशाचा?"

"दादांची टॉर्च."

तिनं त्या उजेडावर बोट ठेवलं. "पर ते तर गच्चीकडं टॉर्च मारीत नव्हते."

"नव्हते."

"किती येळ हुता?"

मी सांगितलं. तिनं फोटो दादांच्या फोटोशेजारी टेकवला आणि आत जाऊन पानं वाढायला घेतली. त्या दिवशी जेवायला आलेल्या कुणालाही तिनं ते वाक्य सांगितलं नाही.