कोऱ्या पाण्यातला उजेड

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे. काच म्हटलं ते तुम्हाला चटकन कळावं म्हणून. खरं तर मी क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाची. उंचीला तुमच्या करंगळीएवढी, आकाराने चौकोनी आणि चारही अंगांनी इतकी नितळ, की टेबलावर ठेवली तर दिसायचीसुद्धा नाही. पोटात जेमतेम चमचाभर पाणी मावतं. पण त्या चमचाभर पाण्यात मी जे पाहिलंय, ते आठवलं की आजही थक्क होते.

माझा जन्म परदेशातला. १९६८ साली मी मखमलीच्या पेटीत बसून चंदीगडच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आले. पेटी माझ्या वीसपट मोठी होती, नाकापेक्षा मोती जड! शहरही माझ्यासारखंच नवं कोरं. रस्ते रुंद, आणि कडेची झाडं अजून माणसाच्या उंचीची.

तिथे माझं काम काय, ते सांगते. हृदयाचे ठोके चुकणाऱ्या रुग्णांना तेव्हा क्विनिडिन नावाचं औषध देत. हिवतापावरच्या कोयनेलचं हे सख्खं भावंड. दोघंही एकाच झाडाच्या सालीतून निघालेली. हे औषध कमी पडलं तर ठोके पुन्हा भरकटतात, आणि जास्त झालं तर औषधच हृदयावर उलटतं. म्हणून रुग्णाच्या रक्तात ते नेमकं किती आहे, हे मोजावं लागे. रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं काढून, त्यात आम्ल घालून ते माझ्यात ओतत. मग मला एका यंत्राच्या अंधाऱ्या पोटात उभं करत आणि डोळ्यांना न दिसणारे किरण माझ्यावर सोडत.

आणि मित्रांनो, त्या अंधारात माझं पोट निळं उजळायचं! औषध जितकं जास्त, तितका उजेड जास्त. यंत्राचा काटा तो उजेड मोजायचा. कुठल्याशा दूरच्या डोंगरावरचं झाड, त्याची साल, तिची गोळी, ती गोळी माणसाच्या रक्तात, आणि तिथून माझ्यात येऊन असा उजेड! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्वतःला विसरून गेले. पुढे हजारदा पाहिलं, तरी त्याची सवय काही झाली नाही.

मला हाताळायच्या नलिनीबाई. त्या अकोल्याच्या, यजमानांची केंद्र सरकारातली नोकरी बदलून चंदीगडला आली, म्हणून त्याही आल्या. मला त्या फक्त वरच्या काठाला दोन बोटांनी धरायच्या. माझ्यावर एक डाग त्यांना खपत नसे. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर बाळकृष्ण देवल सांगलीचे; वॉर्डातले हृदयाचे रुग्णही तेच पाहायचे. ते थट्टेने म्हणायचे, "नलिनीबाई, तुमच्या देव्हाऱ्यातली भांडी काही मी पाहिली नाहीत, पण या कुपीवरून अंदाज येतो!" बाई हसायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही फुलून जायची.

पण अति तिथं माती म्हणतात ना, ते १९७४ साली आमच्या वाट्याला आलं.

वॉर्डात गुरबचनसिंग नावाचे एक रुग्ण होते. इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात ते लेथ चालवायचे. ठोके चुकून दोनदा चक्कर येऊन पडले होते, तेही चालू मशीनशेजारी. क्विनिडिन सुरू झाल्यापासून त्यांचं हृदय ताळ्यावर आलं होतं. त्या दिवशी त्यांच्या रक्ताची तपासणी होती.

आमची एक रीत असे. आधी माझ्यात नुसतं शुद्ध, कोरं पाणी घालून पाहायचं. कोऱ्या पाण्यात औषध नसतं, म्हणून उजेडही नसतो. हा अंधार पक्का झाला, की मगच रुग्णाची पाळी. त्या सकाळी बाईंनी कोरं पाणी पाहिलं, तीन रुग्णांचे नमुने मोजले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की माझ्या भिंतीला आतून पातळ साय धरली आहे. प्रयोगशाळेतला साबण संपलेला. बाईंच्या पिशवीत मात्र कपडे धुण्याची नवी पूड होती. आदल्याच दिवशी त्या पुडीने धुतलेला त्यांचा अ‍ॅप्रन कसा जाईच्या फुलासारखा दिसत होता! बाईंनी चिमूटभर पूड घेतली, मला मनापासून घासलं, दोनदा पाण्याने खंगाळलं. मी लख्ख झाले.

नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून त्या पुडीत एक द्रव्य असतं. न दिसणाऱ्या किरणांत तेही निळं उजळतं, अगदी क्विनिडिनसारखं. ते माझ्या अंगाला चिकटून राहिलं. कोरं पाणी पुन्हा पाहायला हवं होतं, पण "सकाळी पाहिलंय की," असं स्वतःशीच म्हणत बाईंनी गुरबचनसिंगांचा नमुना माझ्यात ओतला.

काटा जो उडाला! हा उजेड सगळा त्यांचा नाही, निम्मा माझ्या अंगाचा आहे, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगणार कशी?

"दुप्पट?" डॉक्टर म्हणाले. "खात्री आहे ना, बाई?"

"सर, कुपी आत्ताच स्वच्छ धुतलीय."

"मग आज रात्रीपासून गोळी निम्मी करतो," असं म्हणून ते कागद घेऊन वॉर्डाकडे गेले. मी आतल्या आत गारठले. निम्म्या गोळीवर त्या माणसाचं हृदय पुन्हा अडखळणार होतं.

पाच वाजता बाई आवरायला आल्या. यंत्रातला न दिसणाऱ्या किरणांचा दिवा चालूच होता. मला काढायला त्यांनी आत हात घातला आणि त्यांच्या अ‍ॅप्रनची बाहीच निळी पेटली. बाई थबकल्या. बाहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मला रिकामं करून त्यांनी माझ्यात कोरं पाणी ओतलं. काटा पुन्हा वर! बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं बाई, हे मी काय करून बसले!" असं म्हणत त्या धावतच बाहेर गेल्या.

तो वेळ मला युगासारखा वाटला. अखेर त्या आल्या, मागोमाग डॉक्टर. बाईंचे डोळे भरले होते. "सर, चूक माझी आहे. चौकशी झाली तर तसं लिहून देते."

डॉक्टरांनी हातातल्या कागदावरचा आकडा खोडला. मग म्हणाले, "औषध जास्त झालं की कानात घंटा वाजतात. 'वाजतात का हो,' एवढं मी त्यांना विचारलं असतं तर? मी आकडा पाहिला, माणूस पाहिलाच नाही. आता रडू नका, कुपी धुवा."

मला आम्लाने धुतलं, शुद्ध पाण्याने सात वेळा खंगाळलं. कोरं पाणी काळंभोर दिसलं. मग उरलेला नमुना ओतला. औषध हवं तेवढंच होतं, ना कमी ना जास्त. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

घरी जायच्या दिवशी गुरबचनसिंग स्वतः प्रयोगशाळेत आले. बाईंनीच बोलावलं होतं. खोलीत अंधार करून त्यांनी माझ्यातला उजेड त्यांना दाखवला. "सरदारजी, ये आपकी दवा है, आपके खून में से."

एवढा आडदांड माणूस, पण त्याने नकळत हात जोडले. "एह मेरे अंदर सी?" हे माझ्यात होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"हां जी. और मेरी गलती से ये आधी होनेवाली थी," बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

गुरबचनसिंगांनी जोडलेले हात बाईंकडे वळवले. मग म्हणाले, "बीबीजी, गलती किस तों नहीं हुंदी? पर दस्सण कौण आउंदा है?" चूक कोणाकडून होत नाही, पण सांगायला कोण येतं?

पुढे नव्या पद्धती आल्या, नवी यंत्रं आली. १९८२ साली माझा एक कोपरा टवकला आणि मी खणात गेले. आता माझ्यात कोणी काही ओतत नाही. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू?

पण मित्रांनो, मला बाहेर काढा असं माझं मागणं नाही. मागणं एवढंच, की हातून चूक झाली आणि ती आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नसली, तरी त्याच पावली सांगायला जा. त्या संध्याकाळी बाईंनी मला मुकाट्याने धुऊन ठेवलं असतं, तर बाईंखेरीज ते फक्त दोघांना कळलं असतं: मला, आणि गुरबचनसिंगांच्या काळजाला.