मूळ प्रत

व्हिडिओ दाबून लहान केला की त्यात काय बिघडतं, ते माणसाच्या डोळ्यांना जाणवतं तसंच यंत्रालाही जाणवावं, म्हणून ती दोन वर्षं एका प्रोग्रामच्या मागे हात धुऊन लागली होती. चाळीस प्रेक्षक प्रयोगशाळेच्या खोलीत बसून फितींना गुण देत आणि प्रोग्राम त्या गुणांवरून शिके. सगळं जमत आलं होतं. आडवा येत होता तो त्या चाळिसांतला एक म्हातारा घड्याळजी. बाल्कनीत बसून पेपर वाचणाऱ्या माणसाची एक फीत होती, आणि तिची न दाबलेली, अस्सल मूळ प्रतसुद्धा तो दर वेळी खराब ठरवी.

साहेब म्हणाले, त्याला वगळा, उगाच डोक्याला ताप. तिलाही तेच हवं होतं. पण फीत तिनेच काढलेली आणि त्यातला माणूस तिचा नवरा, म्हणून तिने घड्याळजींना विचारलंच.

“चित्र स्वच्छ आहे हो,” घड्याळजी ओशाळून म्हणाले. “खुर्ची, पेपर, सगळं झकास. तेवढा माणूस जरा झिजलाय.”

तिला हसू नाही, राग आला. त्यांची चूक एकदाची उघडी पडावी म्हणून तिने हट्टाने त्यांचेच गुण प्रोग्रामला जास्त शिकवले. झालं उलटंच. बाकीच्या एकोणचाळीस जणांशीही प्रोग्रामचा मेळ पूर्वीपेक्षा नेटका बसू लागला. आणि बिघडलेली जागा तो ज्या लाल रंगाने दाखवी, तो रंग त्या फितीत बरोबर नवऱ्याच्या आकाराचा उमटला.

तिने कॅमेरा बदलला, भिंग पुसलं, प्रोग्राम पहिल्या ओळीपासून तपासला. शेजारणीला त्याच खुर्चीत बसवलं, मग स्वतः बसली. दोघींना शंभराच्या जवळपास गुण. नवऱ्याला अठ्ठेचाळीस. साहेब रोज विचारत, ती रोज उद्याचा वायदा करी, आणि चिडून चिडून तिचा जीव मेटाकुटीला आला. घरी मात्र तिने यातलं अक्षरही काढलं नव्हतं. कॅमेरा तपासतेय, एवढंच सांगितलं होतं.

रविवारी सकाळी पुन्हा तोच आकडा पाहून तिने लॅपटॉप धाडकन मिटला. नवऱ्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि समोर बसून पेपर उलगडला.

“किती आले?”

कशाचे, असं तिला म्हणायचं होतं. तोंडून निघालं, “अठ्ठेचाळीस.”



“उन्हाळ्यात मी गुपचूप तपासलं तेव्हा एकसष्ट होते,” तो म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.