पिवळ्या चिकाचे सतरा कागद

विद्यापीठात दरवर्षी परीक्षा उरकल्या की एक मोठी सभा भरते. कोणत्या विभागाने वर्षभरात काय दिवे लावले, ते तिथे सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असतं. त्याआधी महिनाभर 'ठळक कामगिरी' नावाचा एक फॉर्म प्राध्यापकांच्या टेबलांवरून फिरतो. एरवी जे एकमेकांकडे मान वर करून बघत नाहीत, तेही त्या दिवसांत शेजाऱ्याच्या टेबलावर डोकावतात. डिंकबाईंच्या टेबलावर हा फॉर्म सव्वीस वर्षांत एकदाही आला नव्हता.

डिंकबाई हे काही खरं नाव नव्हे. वनस्पतिशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर वाळवलेल्या झाडांचा संग्रह आहे, तिथे बाई झाडं चिकटवायच्या. रानावनातून गोळा केलेल्या फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्याकडे यायच्या. बाई त्या उलगडायच्या, पानं नीट पसरायच्या, दोन फळ्यांमध्ये दाबायच्या, रोज कागद बदलायच्या आणि फांदी कडकडीत वाळली की जाड पांढऱ्या कागदावर डिंकाने बसवायच्या. विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव इतकं रुळलं होतं, की ओळखपत्रावरचं नाव वाचून बाईच क्षणभर चपापायच्या.

बाईंना एक खोड होती. कागदाच्या मागच्या बाजूला त्या पेन्सिलीने काहीबाही लिहून ठेवायच्या. 'वास ओल्या मातीचा.' 'पाकळी सकाळी निळी, दुपारी फिकट.' 'देठ मोडला, चीक पांढरा.' गळ्यात कायम भिंग अडकवून फिरणारे भिंगसर हे संग्रहाचे प्रमुख. हे पाहून त्यांचा पारा चढायचा.

"बाई, हा संग्रह आहे. वाणसामानाची यादी नव्हे."

"हो सर," बाई म्हणायच्या, आणि पुढच्या कागदामागे लिहायला घ्यायच्या.

यंदा जुन्या कागदांवरची झाडं सुटायला लागली, म्हणून एका झुडपाचा अख्खा गठ्ठा पुन्हा चिकटवायला बाईंकडे आला. अठ्ठावन्न कागद होते. काम करताना कागद उलटे व्हायचे आणि बाई स्वतःचंच जुनं अक्षर वाचत बसायच्या. एकेचाळीस कागदांमागे लिहिलं होतं, 'चीक पांढरा'. उरलेल्या सतरांमागे होतं, 'चीक पिवळा, बोटावरचा डाग दोन दिवस जात नाही'. बाईंनी दोन ढीग केले आणि कागदांच्या पुढच्या बाजूला झाड कुठून आणलं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या असतात, त्या वाचल्या. सतराच्या सतरा एकाच कातळी पठारावरून आले होते. हे एक झुडूप नव्हतंच, दोन होती.

त्या दोन्ही ढीग घेऊन तडक सरांकडे गेल्या. सरांनी दोन्हींतला एकेक कागद भिंगाखाली धरला.

"पान तेच, शिरा त्याच, फळही तेच. मी लिहिलेल्या पुस्तकात हे एकच झुडूप आहे."

"सर, चीक वेगळा आहे."

"कुठाय चीक? वाळल्यावर उरतो का तो? वाळल्यावर जे उरतं, त्याच्यावर आमचं शास्त्र चालतं, बाई."

सरांच्या बोलण्यात ताठा कमी आणि सवय जास्त होती. तीस वर्षं त्यांनी झाडं पाहिली ती वाळलेली. ओलं झाड हाताळायचे ते गोळा करणारे आणि बाई. गोळा करणारे दरवर्षी बदलायचे, बाई तिथेच असायच्या. जन्मभर झाडं ओळखायची आणि एकाचाही देठ मोडून बघायचा नाही, ही चूक करायला माणूस फार शिकलेलाच असावा लागतो.

घरी बाईंनी धुसफुसत सगळं सासूबाईंना सांगितलं. सासूबाई पांघरुणाच्या घड्या घालत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

"मग मोड की देठ त्यांच्यासमोर."

"आई, साहेबांच्या टेबलावर?"

"आपल्या टेबलावर मोडून त्यांना काय कळणार आहे?"

रविवारी बाईंनी नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. पठार लांब, रस्ता खडबडीत, त्यामुळे नवऱ्याने जाताना आणि येताना मनसोक्त कुरकुर करून घेतली. सोमवारी सकाळी बाईंनी ओल्या फडक्यातून दोन हिरव्या फांद्या, एक पठारावरची आणि एक वाटेत तोडलेली, काढून सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि एकामागून एक मोडल्या. एकीतून पांढरा चीक आला, दुसरीतून हळदीसारखा पिवळा. सरांना राहवलं नाही. त्यांनी पिवळ्या चिकाला बोट लावलं आणि सवयीने शर्टाच्या बाहीला पुसलं. तो शर्ट त्यांनी पुन्हा कधी घातला नाही.

चार दिवस सरांची खोली आतून बंद होती. पाचव्या दिवशी ते स्वतः तळमजल्यावर आले.

"पिवळ्या चिकाच्या फुलात, नळीच्या आत बारीक केस आहेत. सतराच्या सतरांमध्ये. पांढऱ्यांत एकालाही नाहीत." मग त्यांचा आवाज खाली आला. "मी फूल कधी उभं चिरलंच नव्हतं, बाई."

या शोधावर सरांनी लिहिलेल्या लेखाचा कच्चा मसुदा बाईंनीच छापखोलीतून आणला. वर सरांचं नाव होतं. अगदी शेवटी, बारीक अक्षरात, 'संग्रह सहायिकेचे आभार'. बाईंनी ते दोनदा वाचलं. विभागप्रमुख मॅडम तिथेच उभ्या होत्या, त्यांनी समजूत घातली, "अहो, आभारात येणंही काही कमी नाही. तुमच्याकडे पदवी नाही, लेखक म्हणून कसं घालणार?"

बाईंना राग आला. सव्वीस वर्षांत आला नव्हता तेवढा आला. त्या जिना चढून सरांच्या दारात उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "सर, आभार नकोत. हे मी शोधलंय. नाव घालायचं तर वर घाला, नाहीतर कुठेच घालू नका."

"बघतो," सर म्हणाले.

कचेरीत 'बघतो' म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. पण त्यानंतर पाच महिने डाक आली की त्यांचे कान टवकारायचे, आणि दर वेळी त्या मनातून खट्टू व्हायच्या.

सभेच्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांशेजारी बसल्या. कोणाला पारितोषिक मिळालं होतं, कोणी परदेशात व्याख्यान देऊन आलं होतं, एकांनी तर तीन पुस्तकांची नावं दोनदा वाचली. मग भिंगसर उठले.

"यंदाची माझी ठळक कामगिरी अशी की माझं पुस्तक चुकलं," ते म्हणाले. "पान एकशे बारा."

हसावं की नाही, ते कोणाला कळेना.

"जे झुडूप मी एक समजत होतो, ती दोन आहेत. त्यातलं एक शास्त्राला आजवर माहीतच नव्हतं. लेख काल छापून आला. लेखक दोन आहेत. दुसरा मी."

आणि त्यांनी बाईंचं पूर्ण नाव घेतलं, एकही अक्षर न गाळता. सभागृहात कुजबुज सुरू झाली, कारण ही कोण ते निम्म्या प्राध्यापकांना माहीत नव्हतं. शेवटच्या रांगेला माहीत होतं. टाळ्या तिथूनच सुरू झाल्या आणि पुढे पुढे सरकत कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत गेल्या. शेजारच्या मदतनिसाने ढकलून उभं केलं तेव्हा कुठे बाई उठल्या. त्यांना इतका आनंद झाला होता की पाय जमिनीला लागतायत की नाही ते समजेना. मॅडमनी स्वतः येऊन त्यांच्या हातात माइक दिला.

"दोन शब्द बोला ना," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी घसा खाकरला. आभार मानतील, अशीच सगळ्यांची अपेक्षा होती.

"तिसऱ्या कपाटात अजून चार गठ्ठे आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांचेही दोन-दोन ढीग झालेत. सरांच्या पुस्तकात ती सगळी एकेकच आहेत."

सभागृह खदाखदा हसलं. सर्वांत मोठ्याने हसले ते भिंगसर. हसता हसता त्यांनी खिशातून पेन काढलं, हातातला फॉर्म उलटा केला आणि व्यासपीठावरून विचारलं, "पान नंबर सांगा, बाई. लिहून घेतो."