मोसंबीचा मध

झुलालनानांनी सपनाची बाटली उन्हात धरली. मधातून पलीकडचा रस्ता दिसला, तसे ते हसले.

त्या हसण्यानेच सपनाचे दिवस अवघड केले होते. नाना मूळचे शिरपूरकडचे. पहूरच्या बाजारात ते चाळीस वर्षं सातपुड्यातला आग्या मोहोळाचा मध विकत होते. काळपट, घशाला धरणारा. फिका मध दिसला की ते म्हणत, साखरेचं पाणी. सपनाने घरच्या मोसंबीच्या बागेत मधमाश्यांच्या दहा पेट्या ठेवल्या, पण नानांच्या त्या एका शब्दामुळे तिचा मध कोणी हातात धरेना.

"नाना, पेटी उघडताना एकदा बघा," ती म्हणाली. "मग म्हणा काय म्हणायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. बाग फुलांनी पांढरी झाली होती. सपनाने मधाने भरलेली चौकट वर काढली, तसे ते सवयीने मागे सरले. माश्या आपल्या कामात होत्या. नाना पुन्हा जवळ आले आणि विचारत सुटले. या किती लांब जातात, राणी कोणती, बहर सरल्यावर खातात काय.

"दुसरा फुलवर नही जातस का?"

जातात, सपनाने सांगितलं, पण बहर असेपर्यंत इथंच भरपूर मिळतं.

नानांनी मेण फोडून बोट बुडवलं. आधी नुसता गोडवा लागला. मग हळूच एक वास आला. त्यांनी फांदीवरचं फूल हुंगलं, पुन्हा बोट चाटलं. सपनाने चौकट जशीच्या तशी पेटीत ठेवली, तेव्हा ते कितीतरी वेळ पेटीकडे बघत राहिले. त्यांनी जन्मभर मोहोळं कापली होती, आतल्या अंड्यांसकट.

"हाई खरा शे," ते म्हणाले. "मीच चुकनू."

बाजाराच्या दिवशी त्यांनी सपनाच्या बाटल्या आपल्या बाटल्यांशेजारी मांडल्या. जुन्या गिऱ्हाईक तानुबाई आल्या. कोणी न विचारता नानांनी त्यांना सगळं सांगितलं.

"माह्या लेकीनं असाच आनला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगलं म्हनून म्या मोरीत ओतला. लय रडली ती."

नाना गोणपाटावरून उठले, तानुबाईंच्या तळहातावर चमचाभर मध ओतला, आणि त्यांचा चाटून होईपर्यंत समोर उभे राहिले.