भिंतीवरचा रोल

"सध्या काय करताय?" या प्रश्नाला मी "भिंतीवर आहे" असं उत्तर दिलं, तेव्हा जिज्ञासाने कॅमेरा बंद केला.

"सर, प्लीज, सिरियसली सांगा ना. 'आपल्या एरियातले उगवते कलाकार' अशी सिरीज आहे आमच्या यूट्यूब चॅनलची."

ती अंबरनाथहून आमच्या कात्रपच्या फ्लॅटवर ट्रायपॉड घेऊन आली होती. मी चौतीस वर्षांचा. या वयात उगवणारा बदलापुरात मी एकटाच असेन.

पण मी सिरियसलीच बोलत होतो. रोज साडेसातला लागणाऱ्या एका मालिकेत मी नायिकेचा वारलेला नवरा आहे. दिवाणखान्याच्या भिंतीवर माझा हार घातलेला फोटो असतो. नायिका त्याच्यासमोर रडते, सासू त्याला जाब विचारते, दीर त्याची शपथ घेतो. मी हसतमुख. फोटो काढायला एक सकाळ लागली आणि तेवढ्या कामावर मी घराघरांत पोचलो. मागे भाजीवाल्याकडे मला बघून एका बाईच्या हातातली मेथी खाली पडली. "अगंबाई, तुम्ही तर वारलात ना!" त्या दिवशी घराबाहेर माझ्याशी बोललेलं ते एकच माणूस.

"पण फ्लॅशबॅक येणार आहे," मी पुन्हा सुरू झालेल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं. "त्यात माझं खरं काम आहे. अपघाताच्या आधीचा सीन. मोठा सीन आहे."

हे खोटं नव्हतं. प्रॉडक्शनचा प्रीतम पहिल्या दिवसापासून तसंच सांगत आला होता. त्या सीनसाठी मी फोटोतली दाढी आणि केस जसेच्या तसे ठेवले होते. दाढी काढावी लागेल म्हणून हवालदाराचा एक रोल सोडला, एक जाहिरात सोडली. कंपनीतली नोकरी तर त्याच्या आधीच सोडली होती. मित्रांनी सुरुवातीला चेष्टा केली, मग चेष्टा करायलाही फोन येईनात. दिवसभर मी खोलीचं दार लावून त्या सीनचे संवाद म्हणत बसायचो. ते कोणी लिहिलेच नव्हते, म्हणून मीच लिहिले होते.

"आणि इन्फ्लुअन्स? कोणाला बघून अ‍ॅक्टर व्हावंसं वाटलं?"

"बाबांना."

बाबा मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ऑफिसर होते. तिथल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी नाटक व्हायचं. मी पहिलीत असताना बाबा स्टेजवर मेले आणि मी भोकाड पसरलं. आई कानात म्हणाली, "गप, आता उठतील बघ." पडदा पडला, परत उघडला, आणि बाबा उभे राहून लोकांना नमस्कार करत होते. मला तेच करायचं होतं. मरायचं आणि उठायचं.

जिज्ञासाची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली. तिथं बाबांचा फोटो आहे, चंदनाच्या हारातला. आई तो रोज पुसते.

तेवढ्यात आई पोहे घेऊन बाहेर आली. जिज्ञासाने उत्साहाने विचारलं, "काकू, तुम्ही रोज बघत असाल ना अवधूत सरांना?"

"नाही गं. घरात एक हार घातलेला फोटो आहे, तेवढा पुरे," आई म्हणाली. "जिवंत पोराला हार घालतात, मेले! तू पोहे खा, गार होतील."

साडेसात वाजले की आई टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघरात बसते. मालिका संपली की माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते. मी हसून बघितलं, चिडून बघितलं. "अगं, अभिनय आहे तो!" तर म्हणाली, "कसला अभिनय? नुसता लटकतोस." दोन माणसांचं घर, आणि त्या अर्ध्या तासात मी बाहेर, ती आत. तेव्हा मला फार एकटं वाटायचं.

पुढच्या आठवड्यात मालिकेची जाहिरात आली : सोमवारी उलगडणार अपघाताचं रहस्य. मला शूटिंगला कोणी बोलावलंच नव्हतं. प्रीतम फोन उचलेना. सोमवारी नुसती सुरुवात असेल, माझा सीन नंतर घेतील, अशी मी मनाची समजूत घातली. आशा वेडी असते म्हणतात, ते उगाच नाही. आईला म्हटलं, "आज तरी बाहेर ये. आता उठणार आहे मी." ती आली नाही.

साडेसातला कॅमेरा भिंतीकडे वळला. तोच हार, तीच चौकट, आत दुसराच माणूस. दुसऱ्या एका मालिकेत गाजलेला, गालाला खळी पडणारा. मग फ्लॅशबॅक सुरू झाला आणि तो नायिकेच्या केसांत गजरा माळू लागला. तिला काहीच फरक पडला नव्हता. प्रीतमचा मेसेज आला : "भाई, चॅनलला ओळखीचा चेहरा पाहिजे होता. सॉरी यार, सांगायचं राहून गेलं."

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. आई कणकेचे हात घेऊनच धावत बाहेर आली. मी टीव्हीकडे बोट दाखवलं. फ्लॅशबॅक संपून पुन्हा ती भिंत आली होती. आईने चष्मा नीट केला.

"हा कोण?"

"नवीन आहे."

"म्हणजे तू नाहीस आता तिथं?"

"नाही."

"परत लावणार नाहीत ना तुझा?"

"नाही गं. काढलं मला."

ती हात धुऊन देवापाशी गेली. निरांजन लावलं, वाटीत साखर ठेवली आणि तीच चिमटीत घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आ कर." ती रडत होती आणि हसत होती. बाबा गेल्यापासून तिला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. माझं सगळं गेलं, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण ज्याला सांगावं असं तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं.

मग ती माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेऊन तिने राहिलेला एपिसोड पूर्ण बघितला.

"बिचारा," भिंतीवरचा फोटो परत दिसला तेव्हा ती म्हणाली. "याला आई असेल का रे?"

"असेल की," मी म्हटलं. मला त्या माणसाचा भयंकर हेवा वाटत होता, आणि ते तिला कधीच सांगता येणार नव्हतं.